पाय मुरगळलाय? ‘हाड मोडलं नाही ना, मग काही नाही’ म्हणणाऱ्यांचं ऐकण्याआधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या रविवारी तोरण्यावरून वेल्ह्याला उतरताना माझा उजवा पाय मुरगळला. अवघड टप्पे सगळे संपले होते, बिनी दरवाजा कधीच मागे पडला होता, खाली गाव दिसायला लागलं होतं आणि मी मागे वळून मैत्रिणीशी बोलायला गेले तेवढ्यात घसाऱ्यावरचा एक दगड सरकला, पाऊल आतल्या बाजूला वळलं आणि ‘कट्’ असा आवाज आला. त्यानंतर मी जे जे करू नये ते सगळं केलं. घरी येऊन गरम पाण्यात पाय टाकला, शेजारच्या काकूंकडून तेलाने जोरात चोळून घेतला (त्यांचा हेतू चांगला होता हो), तिसऱ्या दिवशी लंगडत ऑफिसला गेले, आणि दुखायचं थांबल्यावर विषय विसरून गेले. आठ महिन्यांनी तोच पाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सपाट फरशीवर, हातात दुधाच्या पिशव्या असताना परत मुरगळला. तेव्हा कुठे एका शहाण्या फिजिओकडे गेले आणि कळलं की पहिली दुखापत बरी झालीच नव्हती, फक्त दुखायची थांबली होती.

मी डॉक्टर नाही, खाली लिहिलंय ते डॉक्टर-फिजिओंना प्रश्न विचारून विचारून आणि स्वतःच्या घोट्यावर शिकलेलं आहे. बहुतेक सगळं घोट्याबद्दल आहे कारण सगळ्यात जास्त मुरगळतो तोच, गुडघा आणि मनगटाबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

१. आधी समजून घ्या की आत झालंय काय

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा. स्नायूला हाडाशी जोडतो तो टेंडन, तो वेगळा. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला असे तीन पट्टे असतात आणि आतल्या बाजूला डेल्टॉइड नावाचा एक जाड, मजबूत पट्टा असतो. शिवाय बाहेरच्या बाजूचं हाड आतल्यापेक्षा जास्त खालपर्यंत आलेलं असतं, त्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडतं पण आत सहज वळतं. म्हणून बहुतेकांचा पाय आतच वळतो आणि बाहेरचे पट्टे ताणले जातात, त्यातला पुढचा, ज्याला डॉक्टर एटीएफएल म्हणतात, तो सगळ्यात आधी जातो.

दुखापतीच्या तीन ग्रेड सांगतात. ग्रेड एक म्हणजे पट्टा ताणलाय, बारीक धागे तुटलेत, लंगडत का होईना चालता येतं. ग्रेड दोन म्हणजे अर्धवट फाटलाय, चांगली सूज, काळंनिळं, पाय टेकवताना जीव जातो. ग्रेड तीन म्हणजे पूर्ण तुटलाय आणि घोटा सैल वाटतो. इथे एक गंमत, पूर्ण तुटलेल्यात पहिला झटका ओसरल्यावर दुखणं कधीकधी अर्धवट फाटलेल्यापेक्षा कमी असतं, कारण ताण पडायला पट्टाच शिल्लक नसतो. त्यामुळे ‘फार दुखत नाहीये म्हणजे फार लागलं नाही’ हा हिशोब लावू नका.

लिगामेंटला रक्तपुरवठा कमी असतो म्हणून ते सावकाश भरून येतं. ढोबळ अंदाज द्यायचा तर ग्रेड एकला एक ते तीन आठवडे, ग्रेड दोनला तीन ते सहा, आणि ग्रेड तीनला तीन महिने किंवा जास्त. हार्दिक पंड्याची गोष्ट पुणेकरांना आठवत असेल, १९ ऑक्टोबर २०२३ ला गहुंजेच्या स्टेडियमवर बांगलादेशविरुद्ध स्वतःच्याच बॉलिंगवर लिटन दासचा फटका पायाने अडवायला गेला आणि घोटा दुखावला, उरलेले तीन बॉल विराट कोहलीने टाकले. चोवीस तास फिजिओ दिमतीला असून तो उरलेला वर्ल्ड कप खेळू शकला नाही. आणि आपण म्हणणार, सोमवारी ऑफिसला जाते.

२. पहिला अर्धा तास

बसा. लगेच उठून ‘बघू चालता येतंय का’ करू नका, दोन-चार मिनिटं थांबा. दुखापत डोंगरात झाली असेल आणि चालूनच खाली यायचं असेल तर बूट काढू नका, लेस थोडी सैल करा, कारण एकदा बूट काढला की सूज इतकी येते की तो परत चढत नाही आणि मग तुम्ही सॉक्सवर गड उतरताय. पण बोटं बधिर झाली, पांढरी-निळी पडली, गार लागायला लागली तर काढावाच लागेल. घोटा वाकडा दिसतोय, हाड वर आल्यासारखं वाटतंय किंवा जखमेतून हाड दिसतंय, तर हात लावू नका, आहे तसा आधार देऊन बांधा आणि १०८ ला फोन करा.

कुणीतरी ‘ओढून बसवतो’ म्हणेल. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच. त्याला लांब ठेवा.

३. एक्स-रे लागणार का, हे घरीच कसं ओळखायचं

हे मला आधी माहीत असतं तर पहिल्यांदा मी दोन दिवस विचार करत बसले नसते. कॅनडातल्या ऑटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही सोपे नियम मांडले, जगभर इमर्जन्सीमधले डॉक्टर ते वापरतात, नाव ऑटावा अँकल रूल्स. घोट्यात किंवा पावलात दुखतंय आणि शिवाय खालचं एक जरी लागू पडलं तर एक्स-रे काढायचा:

- घोट्याची जी दोन बाजूंची हाडं वर आलेली दिसतात, त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर (टोकापासून वर साधारण सहा सेंटीमीटरपर्यंत) बोटाने दाबलं की हाडावर दुखतं.
- करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर एक उंचवटा लागतो, तिथे दाबल्यावर दुखतं.
- पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे जे हाड लागतं, तिथे दाबल्यावर दुखतं.
- लागलं तेव्हाही आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नाहीत. लंगडत टाकली तरी चालतील, पण वजन दोन्ही पायांवर दोन-दोनदा यायला पाहिजे.

यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. पण डायबेटिसमुळे पाय बधिर असलेल्यांनी, खूप वयस्कर माणसांनी, लहान मुलांच्या बाबतीत किंवा दारू प्यायलेल्या अवस्थेत या नियमांवर विसंबू नका, सरळ डॉक्टरकडे जा. मुलांचं हाड वाढतं असतं, त्यांच्यात लिगामेंटच्या आधी हाडाचा वाढीचा भाग दुखावू शकतो.

आणि हे उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. मला पहिल्या वेळी एका दवाखान्यात ‘एक्स-रे क्लिअर आहे, काही झालं नाही’ एवढंच सांगून गोळ्या देऊन पाठवलं. क्लिअर म्हणजे हाड शाबूत, एवढाच त्याचा अर्थ, पट्ट्याचं काय झालं ते त्या फिल्मवर नाहीच.

४. पहिले तीन दिवस: काय करायचं, काय अजिबात नाही

घरात हे सामान हवं: १० सेंटीमीटर रुंदीचं क्रेप बँडेज (गुडघ्याला १५ वालं), बर्फ किंवा फ्रीजरमधलं मटारचं पाकीट, पातळ टॉवेल, दोन उशा, आणि चालताना आधाराला काठी किंवा भाड्याने मिळणाऱ्या कुबड्या.

बर्फ थेट कातडीवर लावायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं, मग काढायचा, दोन-तीन तासांनी परत. बर्फाबद्दल डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत बरं का. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय वर ठेवणं हा ‘राइस’ फॉर्म्युला १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. गेब मिरकिन यांनी मांडला आणि २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे भरून येणं लांबू शकतं. माझ्या फिजिओचं म्हणणं, बर्फ दुखणं कमी करायला वापर, बरं करायला नाही. पहिले एक-दोन दिवस ठणका लागला की लावा, आठवडाभर तेच करत बसू नका.

बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर न्यायचं, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर येईल असं. बहुतेक लोक घोट्यावरच घट्ट गुंडाळतात आणि मग खालचं पाऊल पावासारखं फुगतं. बांधल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोनेक सेकंदात परत गुलाबी झालं पाहिजे. मुंग्या आल्या की सैल करा, रात्री झोपताना काढून ठेवा.

पाय वर ठेवायचा म्हणजे छातीच्या वर. समोर स्टुलावर ठेवून टीव्ही बघणं यात धरत नाहीत. आडवं व्हा आणि खाली दोन उशा घ्या.

आता काय नाही ते. पहिले तीन दिवस शेक नाही, गरम पाणी नाही, मालीश नाही, दारू नाही, पळणं नाही. आत बारीक रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात, शेकाने आणि चोळण्याने तिथे रक्त आणखी उतरतं. काकूंच्या मालीशनंतर दुसऱ्या दिवशी माझा पाय टाचेपासून बोटांपर्यंत जांभळा झाला होता आणि काकू म्हणाल्या, ‘बघ, वाईट रक्त बाहेर पडतंय.’ आंबेहळदीचा किंवा रक्तचंदनाचा लेप आजीने लावलाच तर हलक्या हाताने लावू द्या, कातडीला खाज सुटली नाही म्हणजे झालं, पण त्याच्या भरवशावर एक्स-रे टाळू नका. हाडवैद्याकडे जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, एवढंच म्हणते की आधी फिल्म काढून बघा, मोडलेलं हाड कुणी ओढलं तर काय होतं ते सांगायला नको. आणि कमरेत लचक भरली तर पायाळू माणसाने पाठीला पाय लावायचा असतो असं आमच्याकडे मानतात, माझी मावशी पायाळू आहे, तिने माझ्या घोट्यालाही पाय लावून बघितला. काही झालं नाही, पण हसून हसून दुखणं जरा विसरले.

गोळ्यांचं: दुखणं असह्य असेल तर साधी पॅरासिटॅमॉल, पाकिटावरच्या डोसमध्ये. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या केमिस्टकडून स्वतःच्या मनाने घेऊ नका, किडनीचा, अल्सरचा, दम्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच नाही. आणि पावसाळ्यात सोबत ताप असेल तर डेंगीची शक्यता जाईपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

५. डॉक्टरकडे जाताना

ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जा. अगदी पहिल्या दिवशी सूज आणि दुखणं इतकं असतं की घोटा सैल आहे का हे हाताने नीट तपासताच येत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी गेलात तरी चार-पाच दिवसांनी परत दाखवायला जा. ही दुसरी भेट जवळजवळ सगळे चुकवतात. सोबत घ्या: एक्स-रेची फिल्म (व्हॉट्सॲपवरचा फोटो नको), चालू असलेल्या गोळ्यांची यादी, आधी कधी मुरगळलाय त्याची माहिती, आणि सैल पॅन्ट जी गुडघ्यापर्यंत वर जाईल.

हे चार प्रश्न विचारा: ग्रेड कितवी वाटते, वजन कधीपासून टाकू, ब्रेस (घोट्याला बांधायचा, काढता-घालता येणारा आधार) की प्लॅस्टर, फिजिओ कधी सुरू करू. घोट्यापेक्षा जरा वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये दुखत असेल तर ते आवर्जून सांगा, तिथलं लिगामेंट वेगळं, त्याला वेळ जास्त लागतो आणि ते साध्या लचकेत खपून जातं. टाचेच्या मागे लाथ बसल्यासारखं वाटलं होतं आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाहीये असं असेल तर अकिलीस टेंडन तुटलेलं असू शकतं, तिथे वाट बघायची नाही.

एमआरआय लगेच सगळ्यांना लागत नाही. महाग आहे, आणि घोट्याच्या साध्या लचकेत तो बघून उपचार फारसे बदलत नाहीत. सहा-आठ आठवड्यांनीही दुखणं, सूज, अडकल्यासारखं होणं चालू असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा काढतात. घोट्याचं लिगामेंट पूर्ण तुटलं तरी बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय, ब्रेस आणि व्यायामाने बरं होतं.

पैशांचं पण बोलू. मेडिक्लेम साधारणपणे ॲडमिट झाल्यावर मिळतो, एक्स-रे, ब्रेस, फिजिओचे खर्च ओपीडी कव्हर नसेल तर खिशातूनच. पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी असेल तर ती काढून वाचा, काहींमध्ये कामावर जाता न आल्याचे आठवड्याचे पैसे मिळतात, त्यासाठी डॉक्टरचं विश्रांतीचं सर्टिफिकेट, एक्स-रे रिपोर्ट आणि ओरिजिनल बिलं लागतात आणि कंपनीला वेळेत कळवावं लागतं. ऑफिससाठी विश्रांतीचं आणि नंतर फिटनेसचं, अशी दोन्ही सर्टिफिकेटं मागून घ्या, परत फेरी नको.

प्लॅस्टर घातलंय आणि पोटरी दुखतेय, सुजलीय, किंवा अचानक दम लागतोय, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. पोटरीत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

६. चालायला लागणं

पूर्ण पंधरा दिवस पलंगावर पडून राहणं हा जुना सल्ला. आता डॉक्टरने हो म्हटलं की आधार घेऊन लवकर वजन टाकायला लावतात, कारण हलका ताण मिळाला की पट्ट्याचे नवे धागे योग्य दिशेने विणले जातात.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची, डावा पाय दुखतोय तर काठी उजव्या हातात. सगळे चुकीच्या हातात धरतात, मी पण. जिन्यासाठी फिजिओने मला पाठ करून घेतलं होतं: चढायला धड पाय आधी, उतरायला अधू पाय आधी. आणि भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची पहिल्या दिवशीच मागवा, याबद्दल कुणी लिहीत नाही पण सगळ्यात जास्त हाल तिथे होतात.

७. व्यायाम, म्हणजे जे सगळे सोडून देतात ते

लिगामेंट फक्त दोरी नाहीये. त्यात बारीक नसांची टोकं असतात जी मेंदूला सतत सांगत असतात की पाऊल आत्ता कुठल्या कोनात आहे. पट्टा फाटला की ही खबर पण बंद पडते. पट्टा भरून येतो, दुखणं जातं, पण ती खबर आपोआप पूर्ववत होत नाही. मग एक दिवस पाऊल जरा तिरकं पडतं, स्नायूंना वेळेत कळत नाही, आणि तुम्ही दुधाच्या पिशव्यांसकट खाली. माझ्या पार्किंगमधल्या पडण्याचा एवढाच अर्थ होता.

मला सांगितलेला क्रम देते, तुमचा फिजिओ बदल करेल:

- पहिल्या आठवड्यात, दुखण्याच्या आत राहून: पाय वर ठेवून अंगठ्याने हवेत अआइई लिहायचं. दिवसातून तीन-चार वेळा.
- मग: जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी ओढायचा, इलॅस्टिक बँड लावून पाऊल चारही दिशांना ढकलायचं. बाहेरच्या दिशेला जास्त लक्ष, तेच स्नायू पाऊल आत वळताना आवरतात.
- दुखणं बरंच कमी झाल्यावर: ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, मग एकाच पायावर.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं: एका पायावर उभं राहणं. आधी ३० सेकंद डोळे उघडे ठेवून, जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या उशीवर. शेजारी भिंत हवी. डोळे मिटल्यावर मी पहिल्या दिवशी चार सेकंद टिकले, चांगल्या पायावर चाळीस. त्या दिवशी मला माझी दुखापत पहिल्यांदा दिसली.

मी हे दात घासताना करते. वेगळा वेळ काढायला गेले की होत नाही. निदान तीन महिने करा, आणि हे वाचून मान डोलावून दहाव्या दिवशी सोडून देऊ नका.

८. गुडघा आणि मनगट, थोडक्यात

कबड्डी, बॅडमिंटन, फुटबॉल खेळताना पाय रोवून गर्रकन वळलात, ‘खट्’ झालं आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असण्याची शक्यता मोठी आहे आणि एसीएल नावाचं लिगामेंट गेलेलं असू शकतं. आठवड्याभरात सूज उतरते, माणूस चालायला लागतो, आणि मग जिना उतरताना गुडघा एकदम दगा देतो. इथे एमआरआय उपयोगाचा. ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही, पण वळण्या-उड्यांचे खेळ खेळायचे असतील तर बहुतेकदा लागतं, आणि नंतर मैदानावर जायला नऊ महिने तरी धरा.

हात टेकून पडलात आणि ‘मनगट लचकलं’ असं वाटतंय, तर अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबून बघा. तिथे दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, जे पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही. १०-१४ दिवसांनी परत एक्स-रे काढायचा आणि तोपर्यंत मनगट न हलू देणाऱ्या कडक पट्टीत (स्प्लिंटमध्ये) ठेवायचं.

९. परत ट्रेकला कधी

तारीख बघून ठरवू नका. मला दिलेली परीक्षा अशी: दुखऱ्या पायावर न दुखता दहा उड्या, दोन्ही पायांवर तोल सारखाच, हळू पळता येणं, आणि मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढत पळताना मनात भीती नसणं. यातलं शेवटचं मला सगळ्यात उशिरा जमलं.

पहिले काही ट्रेक लेसवाला अँकल ब्रेस घालून करा. ब्रेस घेताना ट्रेकचे बूट आणि जाड मोजे दुकानात घेऊन जा, कारण ब्रेसवर बूट चढत नाही हे मला घरी आल्यावर कळलं आणि वापरलेला ब्रेस दुकानदार परत घेत नाही. उतरताना दोन काठ्या, छोटी पावलं, आणि मागच्याशी बोलायचं असेल तर थांबून बोला.